आत काही राहिलेलं नाही

हे घडलेलं आहे, रचलेलं नाही. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. जोलीनही हसली होती.

कामाच्या पहिल्याच आठवड्यात, काम शिकवणाऱ्या वर्नाबाईने तिला बजावलं होतं, "पोरी, डॉक्टरने लिहिलं नसेल तर विचार. आपल्या मनाने 'नाही' ठरवू नकोस."

"विचारत बसले तर माझ्या फाइली तुम्ही संपवणार का?" जोलीन म्हणाली होती.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं ऑटम्वा गाव. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातला मंगळवार, दुपारचे पावणेतीन.

जोलीन स्वयंपाकघरातल्या टेबलावर इस्पितळाच्या फाइलींना कोड लावत होती, म्हणजे डॉक्टरने लिहिलेल्या प्रत्येक आजार-जखमेसाठी बिलात ठरलेला आकडा भरत होती. हेच तिचं घरबसल्या काम. वरच्या खोलीत तिची अकरा महिन्यांची लेक हेझेल झोपली होती.

तीन आठवड्यांपूर्वी ऑर्विल हासची फाइल तिच्याकडे आली होती. वय एकसष्ट. जुनं कुंपण उपटताना डावी मांडी फाटलेली. डॉक्टरने लिहिलं होतं, सात सेंटिमीटर, नऊ टाके. खाली नर्सची एक ओळ... 'आत काहीतरी टोचतंय, असं पेशंट म्हणतो.'

नुसत्या नर्सच्या ओळीवर 'आत काहीतरी राहिलंय'चा कोड लावता येत नाही. डॉक्टरला प्रश्न पाठवावा लागतो. मग फाइल दोन दिवस अडकते. पण कदाचित त्याने जखम पुन्हा बघितलीही असती.

जोलीनने 'आत काही राहिलेलं नाही'चा कोड लावला आणि पुढची फाइल घेतली.

त्या मंगळवारी तेच नाव पुन्हा समोर आलं.

मांडीत लाकडाची ढलपी. जंतू रक्तात भिनलेले. मृत्यू.

तिने फाइल मिटली.

मागच्या ओट्यावर पाऊल वाजलं. एक पाऊल... आणि एक फरफटत.

दाराच्या कॅमेऱ्यात कोणीच नव्हतं.

ती वळली. पडद्यावर फाइल उघडी होती. आत्ता मिटलेली नव्हे... तीन आठवड्यांपूर्वीची.

पावलं थांबली. फ्रिजची घरघरही थांबली.

मग बाळाच्या खोलीतला आवाज ऐकवणाऱ्या यंत्रातून एक पुरुषी आवाज आला. थकलेला. जवळजवळ मायेचा...

"झोप हं, चिमणे. आई कामात आहे. तिला विचारायला वेळ नाही."

ती धडपडत वर पोचली.

खोलीत कोणी नव्हतं. हेझेल उठून बसली होती, कोपऱ्याकडे बघत. दोन्ही हातांनी डावी मांडी घट्ट धरून.

रडत नव्हती.

त्याच संध्याकाळी जोलीनने हासच्या डॉक्टरला तो राहिलेला प्रश्न पाठवला. उत्तर तिच्या साहेबांकडून आलं. माणूस गेला, फाइल बंद झाली, आता उकरू नकोस. आणि हो, या आठवड्यात तुझं काम कमी भरलंय.

हेझेल आता तीन वर्षांची होईल. डाव्या मांडीला अजून हात लावू देत नाही. तीन डॉक्टर झाले. तिघांनी लिहिलं, काही नाही.

जोलीन प्रत्येकाला एकच विचारते, "बघून लिहिलंत, की नुसतंच लिहिलंत?"

तुमच्या घरी कोणी टाके घालून आलं असेल आणि 'बरं आहे' म्हणत पडून असेल... तर हे बाजूला ठेवा.

आधी त्याला विचारून या.