जाळीबाहेरचा वाळूपतंग

रोजच्यासारखाच हेमांगी सबनीसने तंबूच्या जाळीवर जांभळ्या दिव्याचा झोत टाकला. जिऱ्याच्या अळीचे पतंग हिरवे चमकले. ते चमकणारच होते. प्रयोगशाळेत त्यांच्यात घातलेल्या ‘नरजनुका’ची ती खूण होती. या जनुकामुळे पुढची पिढी फक्त नरांची निपजे. मादीच नाही म्हटल्यावर अळी आपोआप संपणार होती. दुपारी गाडी येऊन हे पतंग थरच्या वाळवंटातल्या शेतांवर सोडणार होती.

झोत कोपऱ्यात गेला आणि तिचा हात थबकला. नखाएवढा एक वाळूपतंग चमकत होता.

“सुमेरजी, लवकर या!”

सुमेर देवडा तिचा सहकारी, इथल्याच वस्तीतला. पुण्यात शिकल्यामुळे मराठी सफाईदार बोलायचा. वाळूपतंग हे अळीचे भाऊबंद. जनुक त्यांच्यात शिरत नाही ना, हे पाहायलाच त्याने जपून वाढवलेले वाळूपतंग तंबूत सोडले होते. बाहेर ते दोन वर्षांत कुणाला दिसले नव्हते.

“संकर झालाय,” तो पुटपुटला. “न चमकणारे वाळूपतंग वेगळे काढू या?”

“चमक उशिरा येते. न चमकणारा निर्दोष असेलच असं नाही.”

म्हणजे तंबू तापवून सगळेच मारायचे. सुमेरने वाळूपतंगांकडे पाहिलं. फोगाच्या झुडपाला बी धरतं ते याच पतंगामुळे आणि त्याच्या आईच्या शेळ्या फोगावरच जगत.

“गाडी परत पाठवते,” हेमांगी म्हणाली. “तुम्ही बाहेर थांबा. बटण मी दाबते.”

“नको. उद्या आईनं विचारलं तर तुमच्यावर ढकलायचा मोह होईल मला.”

त्याने बटण दाबलं. गरम हवा घोंघावत आत शिरली. पतंग जाळीवर आपटू लागले, मग एकेक करून गळून पडले. हेमांगीने गाडीवाल्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

जाळी तपासत दोघं तंबूच्या मागे आले. बाहेरच्या बाजूला एक वाळूपतंग चिकटून बसला होता. जिवंत. मादी, अंड्यांनी पोट फुगलेलं.

सुमेरने अलगद तिच्यावर काचेची बाटली धरली. हेमांगीने दिवा लावला. मादी चमकली नाही.

“आतून निसटलीय की वाळवंटातून आलीय?”

“पोटातल्या अंड्यांत जनुक आहे का ते तपासलं तर कळेल,” हेमांगी म्हणाली. “पण त्यासाठी तिला मारावं लागेल.”

बाटलीत मादीने पंख फडफडवले. सुमेरने हेमांगीकडे पाहिलं.

“आणि ती वाळवंटातलीच निघाली तर?”