पिंग तीनवर आली तेव्हा

अरे, ते 'लॅग मारतंय, लॅग मारतंय' जरा बंद करा. मघापासून ऐकतोय. लाइट गेली म्हणजे टॉवरही दमतो, त्याला तुमच्या खेळाची काय पडलीय? ठेवा ते मोबाईल उशाखाली आणि इकडे सरका. नाशिकहून लग्नाला आलात, परवा निघाल. गच्चीवर झोपायचंय ना? मग एक ऐकून झोपा. आणि ही गोष्ट नाही बरं का. माझ्या सख्ख्या भाच्याच्या हातून झालेलं काम आहे. त्याच रात्री माझ्या ओट्यावर बसून त्याने मला सांगितलंय.

उमाकांतला तुम्ही ओळखता. इथे नंदुरबारात स्टेशनकडे त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगा थोडा फुशारक्या मारतो, मामा म्हणून मी ते झाकणार नाही. पण हाताला गुण आहे. रडतखडत चालणारं कॉम्प्युटर त्याच्याकडून येतं ते पळायलाच लागतं.

तर यंदाच्या फेब्रुवारीत, तेरा तारखेला, गुरुवारी त्याला कोरीट गावाहून फोन आला. अमावस्या वगैरे काही नव्हती, उलट आदल्या दिवशीच माघी पौर्णिमा झालेली. फोन करणारी रुचिका, तिथल्या नवनीत पाटलांची मुलगी, कॉलेजात शिकणारी. म्हणाली, घरच्या कॉम्प्युटरवर खेळ फार अडकतो. रविवारी टीमची मॅच आहे, आणि असाच लॅग राहिला तर टीमवाले मला काढून दुसऱ्याला घेतील. ती जागा मुळात तिच्या भावाची, भाग्येशची. त्या फोनच्या आठ महिने आधी तो अक्कलकुव्याहून मोटारसायकलने घरी येत होता आणि वाटेत ट्रकने उडवला. तेवीस वर्षांचा मुलगा. घरी पोचलाच नाही. त्याच्या जागेवर आता बहीण खेळायची.

उमाकांत दुकान बंद करून साडेसात वाजता तिथे पोचला. नवनीतराव शेतात गेलेले, कारण पंपाला लाइट रात्रीची. घर कसं ते नीट ऐका, म्हणजे पुढे घोटाळा नको. पुढे ओसरी, तिथे इंटरनेटचा डबा. मध्ये अंगण, त्याच संध्याकाळी सारवलेलं, ओलं. आणि अंगणापलीकडे मागची खोली, एके काळी कापूस भरायची. भाग्येशने ती आपली करून घेतली होती आणि कॉम्प्युटर तिथेच होता.

खोलीच्या दारात बाजेवर त्याची आई बसलेली, कौसाबाई. सुपात मिरच्या घेऊन देठं खुडत होती. उमाकांतने बॅग उघडली तशी ती एवढंच म्हणाली, "भागूनं काहीच पुसू नको, भाऊ." भागूनं म्हणजे भाग्येशचं.

आता हा पेच बघा. रुचिकाने फोनवर सांगितलेलं, सगळं पुसून नवं करून टाका. आणि आईला त्याचं एक अक्षर जाऊ द्यायचं नव्हतं. फोटो, नाव, खेळातलं खातं, सगळं जिथल्या तिथे हवं. तिच्यापाशी मुलाचं उरलंच होतं किती? उमाकांतने शब्द दिला, मावशी, काहीही जाणार नाही.

त्याने आधी मशीन आहे तसं चालू करून पाहिलं. खेळ उघडायलाच इतका वेळ लागला की चहा पिऊन झाला. उघडला, तर मित्रांच्या यादीत एका नावापुढे हिरवा ठिपका. भागू कोरीट. म्हणजे खातं चालू. नावापुढे पिंगचा आकडा होता नऊशे ऐंशी. पिंग म्हणजे काय ते तुम्ही मला शिकवू नका, मी टेलिफोनच्या तारांवर बत्तीस वर्षं काढली आहेत. इकडून हाक मारली की तिकडून 'ओ' यायला जो वेळ लागतो, ती पिंग. आकडा मोठा तर माणूस लांब.

उमाकांत चिडला. मेलेल्या मुलाच्या नावाने कोण बसलाय खेळायला? त्याने लिहिलं, कोण रे तू? उत्तर काही येईना. मग त्याने मशीन बंद केलं, त्याचं झाकण उघडलं आणि कामाला लागला.

आत पंख्याच्या पात्यांवर कापसाचं तूस बोटभर. आतली हवाच कोंडलेली. मशीन तापलं की ते स्वतःच हळू चालतं, जळू नये म्हणून. त्याने ब्रशने सगळं तूस काढलं, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. पुन्हा चालू केलं. पंखा गप्प, मशीन थंड. यादीत तेच नाव. आकडा सहाशे चाळीस.

त्याला ते खटकलं. मला म्हणाला, "मामा, धूळ पुसल्याने पिंग उतरत नाही. एवढं मला कळतं." पण तेव्हा त्याने मनावर घेतलं नाही. कारण उत्तर आलेलं होतं. इंग्रजी अक्षरांत. वाय, ई, एस.

कोण रे तू, तर म्हणे येस. असेल कुणी येडा, असं म्हणून त्याने पुन्हा लिहिलं, भाग्येशचा दोस्त आहेस का? आणि नवी रॅम बसवायला घेतली. जुनी डिस्क सुस्तावलेली होती, म्हणून तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं नव्या एसएसडीवर उतरवायला लावलं. त्याला तासभर जाणार होता. तेवढ्यात रुचिकाने पुढच्या घरात जेवायला वाढलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा. जेवताना हा तिला खुशाल सांगतोय, तुझ्या भावाचं खातं कोणीतरी वापरतंय, पासवर्ड बदल. ती म्हणाली, पासवर्ड कोणालाच माहीत नाही. 

पावणेदहाला तो मागच्या खोलीत परतला. मशीन आता झटक्यात उघडलं. आकडा तीनशे दहा. उत्तर आलेलं, येस.

बरोबरच होतं की. दोस्त आहेस का? येस. उमाकांतला बरं वाटलं. आपोआप सुरू होणारे जे दहा-बारा प्रोग्रॅम मागे दडून मशीन खात होते, ते त्याने एकेक करून बंद केले. पॉवरचं सेटिंग वर नेलं, चित्रांचं थोडं खाली आणलं. आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी.

येस.

आता मात्र त्याने काहीच विचारलं नव्हतं.

त्याने हात मांडीवर ठेवले आणि नुसता बघत राहिला. अर्ध्या मिनिटाने पुन्हा आलं. येस. कौसाबाईच्या हातातली देठं तुटत होती, तेवढाच आवाज. मिरचीचा खाट नाकात बसलेला. तो उठून घरी आला असता तर बरं झालं असतं, असं मी त्याला नंतर म्हटलं. पण काम अर्धं सोडायची सवय नाही. वायफाय दोन भिंती ओलांडून येत होतं, तिथेच खरा लॅग होता. त्याला एकच उपाय, तार. बॅगेत निळ्या तारेचं वेटोळं होतं. ते घेऊन तो ओसरीपर्यंत गेला, अंगणातून तार सरळ अंथरत परत आला, कॉम्प्युटरला जोडली आणि रुचिकाला हाक मारली की तुझ्याकडचं टोक डब्यात लाव. तिने लावलं. ती तिथेच ओसरीत, तारेकडे तोंड करून उभी राहिली.

आकडा नव्वद.

येस.

लगेच बासष्ट. उमाकांत म्हणतो, पिंग अशी पायरी-पायरीने उतरत नसते. ती वर-खाली नाचते. ही नुसती उतरत होती.

पन्नास. येस. एकेचाळीस. येस.

कौसाबाईने सूप खाली ठेवलं. तिला वाचता येत नाही, आकडे तेवढे येतात. तिने विचारलं, "काय लिखेल शे?"

"येस लिखेल शे, मावशी."

"कोन येस?"

"कोनी नही, मावशी. इंग्रजी शे ते. येस म्हंजे हा."

ती उभी राहिली. तुम्ही नाशिककर, तुम्हाला कदाचित अर्थ लागला नसेल. आपण मराठीत घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि आमच्या अहिराणीत 'येतो' म्हणजे 'येस'. उमाकांत जन्माचा अहिराणी बोलणारा. पण अक्षरं इंग्रजी, समोर कॉम्प्युटर, म्हणून त्याने ते इंग्रजी वाचलं. दोन तास चुकीचं वाचत बसला. जिला अक्षर येत नाही, तिने मात्र एकदा ऐकलं आणि ओळखलं.

"भागू घरमाईन निंघताना 'जास' नही म्हने," ती म्हणाली. "'येस' म्हने. अक्कलकुवाथीन फोन करा, तवय बी तेच म्हना. येस." म्हणजे त्या शेवटच्या दिवशी निघतानाही फोनवर तो तेच बोलला होता.

 सगळं एकदम उमाकांतच्या ध्यानात आलं. तूस काढलं... तो जवळ आला. रॅम लावली... जवळ आला. आठ महिने तो वाटेवर होता. मशीन रखडत होतं म्हणून तोही रखडत होता. आणि याने आपल्या हाताने सगळं मोकळं करून, अंगणातून सरळ वाट अंथरून दिली होती.

बावीस.

तारेला हिसका बसला. बारीकसा. बाहेर कोणीतरी तारेवर पाय द्यावा, तसा.

सतरा... पुन्हा हिसका.

त्याने दाराबाहेर पाहिलं. लख्ख चांदणं. अंगण रिकामं. पलीकडे ओसरीत रुचिका, तोंडावर हात.

बारा.

येस.

नऊ.

"येऊ दे त्याले," कौसाबाई म्हणाली. दाराची फळी तिने सताड उघडली होती.

सात... उमाकांतचा हात तारेकडे गेला. तिने पाहिलं. ती ओरडली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "तार नको काढू, भाऊ. मन्हा पोऱ्या शे."

पाच.

चार.

कुत्रं नाही. वारा नाही. पंख्याचासुद्धा आवाज नाही.

तीन.

त्याने तार उपटली.

...

ठिपका गेला. नाव गेलं.  कौसाबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तीनच व्हतं ना?"

त्याने हातातलं तारेचं टोक खाली ठेवलं. 

तिने बॅटरी घेतली आणि अंगणात उतरली. ओल्या सारवणावर, तारेच्या कडेकडेने, ओसरीच्या बाजूने निघालेली अनवाणी पावलं होती. उमाकांतच्या सँडलचे ठसे वेगळे, ते जाऊन आलेले दिसत होते. ही नुसती आलेली. अकरा. बोटं खोलीकडे. आणि खोलीच्या उंबऱ्यापासून तीन पावलांवर थांबलेली. पुढे काही नाही, मागे फिरल्याचंही काही नाही. रुचिका त्या सगळ्या वेळात तारेवरच डोळे लावून होती. शपथेवर सांगते, कोणीही गेलं नाही.

उमाकांत बॅग तिथेच टाकून निघाला. रात्री अकरा चाळीसला माझं दार वाजवलं. मी कप पुढे केला, तो त्याने हातात धरूनच ठेवला. मी त्याला म्हटलं, तू केलंस ते बरोबर केलंस. गेलेल्याला उंबरा ओलांडू द्यायचा नसतो. तेव्हा मी ठामपणे म्हटलं खरं. आता कधी झोप लागली नाही की त्या बाईची उघडी फळी डोळ्यांपुढे येते, आणि मला माझ्याच बोलण्याची लाज वाटते. मुलगा चोरासारखा आला नव्हता रे. सांगून आला होता.

कौसाबाईने सकाळी काय केलं, तर घरातल्या मिरचीच्या टोपल्या आणून एकेका पावलावर एकेक पालथी घातली. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून. अकरा पावलं, अकरा टोपल्या. नवनीतराव रागावले, रडलेही, पण तिने एकही उचलू दिली नाही. उमाकांतला मात्र दर आठवड्याला निरोप यायचा, ये आणि तेवढी तार जोडून दे. तो गेला नाही. आजही त्या रस्त्याला जात नाही. शेवटी नवनीतरावांनी इंटरनेट तोडलं, डबा परत दिला. कॉम्प्युटर पोत्यात बांधून माळ्यावर टाकला, तार गुंडाळून खुंटीला. रुचिकाने खेळ सोडला. आता सगळं बंद आहे. दोन महिने झाले.

 या, जवळ या, थंडी नाही तरी चादर घ्या.

काल संध्याकाळी रुचिकाचा उमाकांतला फोन आला होता. काम काही नव्हतं. एवढंच म्हणाली, आईने आज शेजारच्या वत्सलाबाईंकडून अंगणासाठी एक टोपली मागून आणली.