अकरा वर्षं चालू ठेवलेली मनपेटी

हल्ली इचलकरंजीत घरटी एक तरी मनपेटी सापडेल. माणूस जायच्या आधी त्याचं मन तिच्यात उतरवून घ्यायचं आणि मागच्यांनी ती संगणकाला जोडून त्याच्याशी गप्पा मारायच्या. कुंदाताई लोखंडेंच्या नवऱ्याची, भास्कररावांची पेटी मात्र पहिल्या पिढीतली. तिला जुनं सिरियल पोर्ट, एकामागून एक अक्षर सोडणारं. नव्या संगणकाला लावायची तर मध्ये यूएसबी अडॅप्टर हवा. कुंदाताईंनी तो आणून तारा स्वतः जोडल्या, पण अकरा वर्षांत पेटीनं चकार शब्द काढला नाही.

बाईही हट्टाची. पेटी कधी क्षणभर बंद पडू दिली नाही. नवऱ्याच्या दोन शब्दांसाठी जीव तुटत होता नुसता. शेवटी बॅटरीसकट पेटी उचलून त्या डॉ. शबनम तांबोळींच्या प्रयोगशाळेत गेल्या.

"ताई, या तारा कुणी जोडल्या?"

"मीच. चाळीस वर्षं ब्लाउज शिवतेय, खुणेला खूण जुळवली. 'पाठव'ला 'पाठव', 'घे'ला 'घे'."

"तिथंच घोळ झाला. एकाचं 'पाठव' दुसऱ्याच्या 'घे'ला लागतं. तुम्ही तोंडाला तोंड जोडलंत, मग ऐकणार कोण?"

कुंदाताई ओशाळल्या. डॉक्टरांनी तारांची अदलाबदल केली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

"कुंदे, आहेस का?"

कुंदाताईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी टाइप केलं, "आहे हो. इथंच आहे."

"कुंदे, आहेस का?"

"अहो, आहे ना. आपल्या मीनूला मुलगी झाली."

"कुंदे, आहेस का?"

डॉक्टरांनी पेटीतली नोंद उघडली. बराच वेळ वाचून त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"ताई, समोर कुणी आहे का हे बघायला पेटी दर दहा सेकंदांनी हाक मारते. त्यात मन आहे, म्हणून मारलेली प्रत्येक हाक लक्षातही राहते. जागा तेवढीच, त्यामुळे नवं ठेवायला जुनं पुसलं जातं."

"किती पुसलं गेलं?"

"सगळंच. लग्न, मीनू, उत्तर आलं तर काय करायचं तेसुद्धा. तुमचं नाव आणि वाट पाहणं, एवढंच उरलंय."

"आणि मी पेटी बंद ठेवली असती तर?"

"तर ते जसेच्या तसे राहिले असते."

कुंदाताईंनी पदरानं पेटीवरची धूळ पुसली.

"आता तरी बंद करू या," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "सुटतील बिचारे."

कुंदाताईंनी मान डोलावली, बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात पडद्यावर पुन्हा तेच विचारलं गेलं. त्यांनी बोट मागं घेतलं आणि टाइप केलं, "आहे." दहा सेकंदांनी पुन्हा टाइप केलं.