कोरी खिडकी

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हौसाबाई खिलारे माळावरच्या यानकेंद्रात यायच्या आणि एकच शब्द ऐकून परत जायच्या: कोरी.

त्यांची लेक वैजू अकरा वर्षांपूर्वी दूर अंतराळात निघालेल्या दीर्घयानात निजली होती. त्या प्रवासात शरीर गोठवत, मन मात्र जागं ठेवत. मनातले शब्द यानातला संगणक अक्षरांत उतरवी. आता ती अक्षरं पृथ्वीवर पोचायला चौदा महिने लागत. इथे प्रत्येक प्रवाशाची एक 'खिडकी' होती. चोवीस ओळी, दर ओळीत ऐंशी घरं. तिला काच नव्हती. यंत्राच्या स्मरणात आखलेली ती नुसती चौकट. खाली नवी ओळ आली की वरची कायमची पुसली जाई. सहाशे खिडक्या कोण बघत बसणार? एक जुना प्रोग्राम त्या वाचून सांगे.

कोरी म्हणजे पोर शांत निजलीय, असं हौसाबाई धरून चालल्या होत्या.

त्या सोमवारी शमा मुजावर या नव्या शास्त्रज्ञ बाईंनी त्यांना आत नेलं.

"मावशी, खिडकी कोरी नव्हती."

"मग अकरा वर्सं डोळं फुटलं हुतं व्हय तुमचं?"

"डोळे नाही, माप चुकलं. बाइट म्हणजे यंत्राचं चिपटं, अक्षरं मोजायचं माप. इंग्रजी अक्षर एका चिपट्यात मावतं, आपल्याला तीन लागतात. त्याला रुंद अक्षर म्हणतात. जुना प्रोग्राम दर घरातून एकच चिपटं उचलायचा. ते ओळखू आलं नाही की घर रिकामं धरायचा. प्रवासी इंग्रजीतच विचार करणार, असं कुणीतरी ठरवून टाकलेलं. काल मी रुंद वाचणारा प्रोग्राम लावला."

त्यांनी कागद पुढे केला.

हौसाबाईंना साठीत अक्षरं शिकवली ती वैजूनेच. यानात जाताना पुस्तक अर्धं राहिलं तेव्हा ती म्हणाली होती, "रोज एक धडा पाठवीन. तू फक्त हो म्हणायचं." धडा आलाच नाही. पुस्तक फळीवर गेलं.

आता त्या बोट ठेवून वाचू लागल्या.

आई, धडा दोन हजार आठशे सहा. कालचा वाचलास का?

आई, नुसतं हो म्हण.

केंद्र म्हणतं सगळं ठीक. मग तू का बोलत नाहीस?

शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

आई उरली नाही. आता कुणाला शिकवू?

"ही कवाची?"

"तीन वर्षांपूर्वीची."

"त्येच्यानंतर?"

"त्यानंतर खिडकी खरोखर कोरी आहे." उत्तर न मिळालेलं मन हळूहळू विझतं, हे शमाबाईंना ठाऊक होतं.

"मला लिवू द्या. हो म्हंते."

"मावशी, यानातही आपले निरोप वाचायला तोच जुना प्रोग्राम आहे. इथून तो बदलता येत नाही. तुमचं अक्षर तिथे रिकामं दिसेल. मी इंग्रजी अक्षरांत पाठवते, आई जिवंत आहे म्हणून."

"मला इंग्रजी येत न्हाई, वैजूला ठावं हाय. ती म्हणंल, हापिसातल्या कुणीतरी समजूत घातली. तसलं 'सगळं ठीक' किती ऐकलं असंल तिनं."



हौसाबाईंनी यंत्राची पाटी पुढे ओढली. एक एक कळ शोधत त्यांनी लिहिलं: हो.

शमाबाईंनी ते पाठवलं. जाणारे निरोप तपासायला इथेही अजून यानातल्यासारखाच जुना प्रोग्राम होता; तो सवयीने त्यावरून फिरला आणि त्याने नोंद केली: कोरी.