दोघांचं गाऱ्हाणं

तो मोबाईल आधी खाली ठेव बघू, मितेश. तन्वी, तूसुद्धा. ऐकायचं तर माझ्याकडे बघून ऐका, नाहीतर आत जाऊन झोपा, मला काही सांगायची हौस नाही. उद्या सकाळी तुम्ही गोव्याला निघणार. मी म्हटलं, शिवेवर जाऊन राखणदाराच्या कानावर घालून येऊ, तर दोघंही फिदीफिदी हसलात. मुंबईची माणसं तुम्ही, हसणारच! म्हणून हे सांगतोय. ऐकून झाल्यावर हसा हवं तर.

मंगेश तुम्हाला माहीत आहे. पलीकडच्या भरडावर, त्या खडकाळ माळावर, काजू आहेत ज्याचे, तो. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. पंचवीस ऑक्टोबर, शनिवार, सकाळी सात वाजता तो माझ्या दारात आला. हातात नारळ.

"तुकाकाका, शिवेर येतास काय? गाऱ्हाणां घालूक व्हया. दिल्लीक जाताव."

आमच्या वाडीची शीव म्हणजे वालावलच्या रस्त्यावरून खाली उतरणारा तो फाटा. तिथं सातविणीचं झाड आहे, त्याखाली दगड. तोच राखणदार. घरातला कर्ता लांबच्या गावाला निघाला की तिथं नारळ देऊन गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सांगतो, इतकी इतकी माणसं चाललो, तितकी परत आण. माणसं मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची. एवढंच काम. दोन मिनिटांचं.

आता मंगेशचं घर बघा. बायको सुगंधा, आणि एकुलती एक लेक अक्षदा. सोळा वर्षांची. मंगेश तीन वर्षं दिल्ली दिल्ली करत होता. पोरीची दहावी झाली की तिला लाल किल्ला दाखवीन, संसद दाखवीन, कुतुबमिनार दाखवीन. पोरीला विचारलं होतं का कोणी? तिला सुट्टीत मैत्रिणींबरोबर मालवणात राहायचं होतं. आठ दिवस घरात नुसती धुसफूस. आदल्या रात्री तर तिने भरलेली बॅग पलंगावर उपडी केली आणि म्हणाली, "माका नाय येवचा म्हणजे नाय येवचा!" शेवटी ठरलं, ती आमच्याकडे राहील. आमच्या हिने तिच्यासाठी गादीसुद्धा उन्हात घातली.

शिवेवर मंगेशने हात जोडले. "बा म्हाराजा, आमी दोघां जाताव. मी आणि माझी बायल. दोघांका सुखरूप परत हाड."

मी म्हटलं, "अरे, चेडवाचा नाव घे. येणा नाय तरी घे. मागे ऱ्हवता, तेका सांभाळ म्हण."

"तिचा नाव काढू नकात, काका! डोक्यात गेलीहा माझ्या. दोघां म्हणजे दोघां!"

आणि फोडला नारळ. मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. गाऱ्हाणं घालताना सोबतच्या माणसाने ते म्हणायचंच असतं. मला तेव्हाच त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती. वाजवली नाही. चुकलंच माझं.

नऊ वाजता निलेशची रिक्षा दारात उभी, आणि बघतो तर अक्षदाबाई बॅग घेऊन तयार! रात्रीत मैत्रिणीशी वाजलं होतं म्हणे. तिचं तिकीट होतंच. मंगेश वरून गप्प, पण मनातून खूश झालेला मला दिसत होता. मी रिक्षेत डोकं घालून सांगितलं, "शिवेर थांब, आणि तिसरा माणूस सांग."

"गाडी चुकतली, काका. जाता जाता हात जोडतंय."

जोडले असतील हात? निलेश सांगतो, घरापासून कुडाळ स्टेशनापर्यंत हा फोनवर हॉटेलवाल्याशी भांडत होता.

दिल्लीत काय झालं विचाराल, तर काही झालं नाही. तेच तर! इतकी वर्षं वाट बघितली त्याने आणि एक गोष्ट धड होईना. सोमवारी लाल किल्ल्यावर गेले, तर किल्ला सोमवारी बंद. हे आधी कोणी बघायचं? मंगेश म्हणतो लेकीने, चोवीस तास मोबाईल तिच्या हातात. लेक म्हणते बाबांनी, सहल त्यांची. कुतुबमिनारवर वर चढू देत नाहीत म्हणून मंगेश चिडला. इंडिया गेटपाशी ही पोर कानात ते गाण्याचं बोंडुक घालून कठड्यावर बसली ती उठेचना. जेवायला बसलं की मंगेशला भात मासे हवे आणि तिला मोमो. सुगंधा दोघांच्या मधे पार पिचून गेली.

आणि बुधवारी मेट्रोत हद्द झाली. पोर आत शिरली, हे दोघं बाहेर, आणि दार बंद. पुढच्या स्टेशनवर सापडली, बाकड्यावर मोबाईल बघत बसलेली. मंगेशचा इतका वेळ अडकलेला जीव एकदम तोंडातून बाहेर पडला. भर गर्दीत ओरडला, "तुका हाडलंयच कित्याक मी!"

ती म्हणाली, "मग सोडून जावा."

त्यानंतर बापलेकीत एक शब्द नाही. परतीची सबंध गाडी, सुगंधा सांगते, तिघं तीन दिशांना तोंडं करून बसली होती.

एकतीस ऑक्टोबर, शुक्रवार. म्हणजे घड्याळाने शनिवार लागलेला. रात्री बारा पन्नासला गाडी कुडाळला आली. निलेश रिक्षा घेऊन उभाच होता. सुगंधा मधे, एका कडेला मंगेश, दुसऱ्या कडेला अक्षदा. नेरूर गेलं, वालावल आलं. रस्त्यावर कुत्रं नाही. चंद्र मावळतीला आलेला आणि सातविणीच्या फुलांचा तो डोक्यात चढणारा वास. निलेशने फाट्यावरून रिक्षा खाली घातली, दगड ओलांडला, घरापाशी थांबवली. मंगेश उतरला. सुगंधा उतरली.

अक्षदा नाही.

बॅग जागेवर. पोर नाही.

मंगेशला आधी रागच आला. "बघलंस? वळणावर उडी मारल्यान! नाटकां करता माझ्यावांगडा!" रिक्षा मागे फिरवली. ती शिवेच्या पलीकडे उभी होती, दगडापासून पंधरा वीस पावलांवर.

"खंय उतरलंस गो?"

"मी खंय उतरलंय? तुमीच माका हंय ठेवून गेलास!"

तिचा आवाज रडवेला होता. तीन दिवसांनी बापाशी पहिल्यांदा बोलली ती अशी.

परत बसवली. आता मधे. सुगंधाने दोन्ही हातांनी तिला कवटाळलं. रिक्षा निघाली. दगड गेला... आणि सुगंधा किंचाळली. हात तसेच, कवटाळलेले. आत कोणी नाही.

मागे वळून बघितलं. पोर पलीकडे. उभी.

निलेश खाली उतरला. रिक्षा चालवणार नाही म्हणाला. मंगेश चालत गेला. तिचं मनगट धरलं. "चल बाय. माझो हात सोडू नको."

दोघं चालत आली. मंगेश सांगतो, मनगट हातात होतं. गरम होतं. तिची बांगडी त्याला रुतत होती. दगडापर्यंत होतं. एक पाऊल पुढे टाकलं...

मूठ रिकामी.

पुन्हा तिच्याकडे धावला. आता तोही जाईना. चालायचा चालायचा, आणि दगडाच्या आतच यायचा. राखणदाराने तीनदा मोजून आत घेतलेलं माणूस ते, आता बाहेर सोडीना. दोघं सांगितली होती, दोघं आली. हिशोब मिटला होता.

एक बावन्नला माझा फोन वाजला. "काका... माझां चेडू..." एवढंच बोलला.

मी बॅटरी घेऊन धावत गेलो. शिव्या देतच गेलो, खोटं कशाला सांगू. शिरा पडांदे तुझ्या तोंडार, तेव्हा सांगितलं तर ऐकलं नाहीस! 

मंगेश दगडापाशी गुडघ्यांवर बसला होता. सुगंधा ओरडून ओरडून थकलेली. पलीकडे अक्षदा रस्त्याच्या कडेला खाली बसली होती. आमच्याकडे बघत नव्हती.

बाजूला बघत होती. मान हलवत होती. कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

बॅटरी मारली. तिच्या बाजूला... काही नव्हतं. गवत होतं. गवत दबलेलं होतं.

गाऱ्हाणं रात्रीचं घालत नाहीत. नारळ नव्हता. विडा नव्हता. मी डोक्यावरचा टॉवेल काढला, दगडापुढे हात जोडले. शब्द सुचेनात. ती पोर एकदा आत येऊ दे, इतकंच डोक्यात.

"बा म्हाराजा... चूक झाली. लेकरांची चूक पोटात घाल. आमच्यातलां जां कोण भायर रवलां आसा... तां आत घे."

"व्हय म्हाराजा," मंगेश म्हणाला. सुगंधा म्हणाली. निलेश म्हणाला.

आणि पलीकडून.

"व्हय म्हाराजा."

पोरीचा आवाज नव्हता तो. म्हातारा. घोगरा. बऱ्याच दिवसांत न बोललेल्या माणसाचा...

 

अक्षदा उठली. चालत आली. दगड ओलांडला आणि बापाच्या गळ्यात पडली. मंगेशने तिला अशी धरली की तिला श्वास घेता येईना. "तुझा नाव घेवक नाय मी, बाय. रागान घेवक नाय. माझा चुकला," म्हणत होता आणि हमसून हमसून रडत होता. मीही रडलो. त्यात काय लाजायचं?

आता मंगेश शेजारच्या दुकानात जायचा असला तरी आधी लेकीचं नाव घेऊन सांगतो. ती वैतागते. वैतागू दे.

पण त्या रात्री घरी जाताना वाटेत ती आईला म्हणाली, "त्या आजोबांका घराक पोचवूक नको काय?"

"खंयचे गो आजोबा?"

"माझ्या बाजूक बसलेले ते. मी रडत होतंय ना, तर म्हणाले, रडा नको. माझांय नाव घेवक इसारले. लय वर्सां झाली."

रिक्षेत मी पुढे निलेशच्या बाजूला होतो. ते ऐकलं आणि मी कपाळावर हात मारला. कारण काय म्हटलं होतं मी? अक्षदा म्हटलं नव्हतं. मंगेशची लेक म्हटलं नव्हतं. "आमच्यातलां जां कोण भायर रवलां आसा." मंगेशला अक्कल शिकवणारा मी, आणि मीसुद्धा नाव घेतलं नाही! इतका संताप आला मला माझाच. सत्तर वर्षांचा घोडा आणि एक नाव घेता येऊ नये?

गाऱ्हाणं मी घातलेलं, म्हणजे आत आला तो आमच्याच घरातला; पण कोण बाहेर गेलं होतं, कधी, आणि कोणी त्याला सांगायचं विसरलं, मला माहीत नाही. विचारायला माझ्या आधीचं कोणी उरलेलं नाही.

त्या सकाळी आमची ही पडवी झाडायला दार उघडून बाहेर आली. आणि तिथूनच मला हाक मारली. ओरडली नाही. हळू मारली.

इथेच, तन्वी. तू बसली आहेस तिथे. जमिनीवर एक घोंगडी पसरलेली होती. काळी, जाड, जुनी. आमची नाही. मंगेशची नाही. वाडीत घरोघर विचारलं, कोणाचीच नाही.

बाहेर दव पडलेलं. जमीन गार.

मी वाकून घोंगडीवर हात ठेवला.

गरम होती.