सरक जरा

आधीच सांगते, यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही. ज्यांच्यावर हे बेतलं त्या दोघी माझ्याच घरातल्या. एक माझी धाकटी जाऊ, दुसऱ्या आमच्या सासूबाई. आणि सासूबाई खोटं बोलतात, असं त्यांच्या वैऱ्यानेही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

काळोखी रात्र वगैरे काही नव्हती. लख्ख दुपार होती. खाली रस्त्यावर रहदारी, समोरच्या गॅरेजात ठोकाठोक, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत पलंगावर धाकटी... एकटी.

निदान आम्हाला तसं वाटत होतं.

धाकटीला आठवा लागला होता. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती शर्टांच्या कॉलरी शिवायची. पाय सुजून चपलेत मावेनात, तेव्हा रजा टाकून घरी बसली. दीर लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. सकाळी गेला की दिवे लागल्यावरच परत. खोली भाड्याची, नुकतीच घेतलेली. तिच्या बरोबर खाली सासूबाईंचं इस्त्रीचं दुकान.

सासूबाई नुसत्या दुकानाच्या दारात आल्या तरी गल्ली चिडीचूप व्हायची. पाठीमागे सगळे त्यांना 'कर्फ्यू' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं. आवडतही असावं.

धाकटीची झोप पार उडाली होती. छातीत जळजळ, पोटऱ्यांत गोळे, घटकेघटकेला उठून बाथरूम. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "डाव्या कुशीवर झोपायचं. पोटाखाली एक उशी, गुडघ्यांमध्ये एक. आणि दुपारची झोप चुकवायची नाही."

"आम्ही चौघींच्या दाटीत झोपून पोरं काढली," सासूबाई म्हणाल्या. "हिला उशांचा संसार पाहिजे!"

आणि संध्याकाळी स्वतःच दोन नव्या उशा काखोटीला मारून आल्या.

पलंग भिंतीला लागून होता. डाव्या कुशीवर वळलं की तोंड भिंतीकडे. त्या दुपारी कितीतरी दिवसांनी धाकटीचा डोळा लागला. गाढ लागला.

आणि मग...

"सरक जरा."

झोपेतच तिला वाटलं, नवरा लवकर आला. ती सरकली.

जाग आली तेव्हा ती पलंगाच्या अगदी काठावर होती. भिंतीकडची सगळी जागा मोकळी. घरात कोणी नाही.

तिने रात्री नवऱ्याला सांगितलं. तो हसला. "पलंगावर तू आणि तुझ्या उशा. मला तर कुठे जागा असते? मीच म्हणालो असेन, स्वप्नात."

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

"सरक."

या वेळी 'जरा' नव्हतं.

आवाज बाईचा होता. दमलेला, त्रासलेला. खूप वेळ उभं राहून पाय भरून आलेल्या माणसाचा असतो ना, तसा.

आणि तो भिंतीकडून आला होता.

धाकटी घाबरून उठून बसली. एक गोष्ट तिच्या लक्षात आली. पोटातलं बाळ एरवी दुपारभर धुमाकूळ घालायचं. आता... काहीच नाही. ना लाथ, ना कूस बदलणं. जणू आत कोणी श्वास रोखून बसलं होतं.

ती खाली उतरून दुकानात आली. इस्त्रीच्या उबेत स्टुलावर टेकली, तेव्हा कुठे बाळ हललं.

"काय गं, तोंड असं का पांढरं पडलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. झोप नाही झाली."

"मग झोप की! तेवढंच तर काम आहे तुला."

आता काय सांगणार? नंतरच्या दुपारी तिने झोपायचं टाळलं. खुर्चीत बसून झबली शिवत राहिली. पण शरीर काही ऐकेना. मान पुढे पडायला लागली. शेवटी आडवी होण्यासाठी ती पलंगाकडे वळली, आणि जागच्या जागी थिजली.

उशा तिने पायथ्याशी रचून ठेवल्या होत्या.

आता त्या भिंतीलगत मांडलेल्या होत्या. एक वर, एक खाली... पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये घेतात तशाच.

वरच्या उशीला खोलगट दाब पडलेला होता. काहीतरी जड त्यावर टेकलेलं असावं तसा.

तिने हात लावला.

उशी गरम होती.

त्या रात्री तिने नवऱ्याजवळ खोली सोडायचा हट्ट धरला. "या दिवसांत असले भास होतात," तो म्हणाला, आणि कूस बदलून घोरायला लागला. तो घरात असला की काहीच व्हायचं नाही. हेच तर सगळ्यात वाईट होतं.

पुढच्या दुपारी ती बसल्या बसल्याच पेंगली आणि कधी कलंडली, तिचं तिलाच कळलं नाही. कळलं ते थेट कानाशी...

"सरक म्हटलं ना!"

आणि दोन तळहात तिच्या पोटावर टेकले. ओले, थंड. त्यांनी तिला ढकललं. सगळा जोर लावून, दात-ओठ खाऊन ढकलावं तसं.

ती पलंगावरून खाली आली. गुडघ्यावर आणि कोपरावर आदळली म्हणून पोट वाचलं. तिच्या किंकाळीने सासूबाई हातातलं काम टाकून वर धावल्या.

त्यांनी तिला उठवलं, पाणी पाजलं. सगळं ऐकून घेतलं. मग पदर खोचला.

"ये. झोप इथे."

"आई, नको..."

"मी आहे ना. मी भिंतीकडे झोपते. बघू कोण सरकवतं."

सासूबाई भिंतीला पाठ टेकवून आडव्या झाल्या. भिंत आणि पाठ यांच्यात वाराही जाणार नाही अशा. धाकटीला त्यांनी पुढ्यात घेतलं, तिच्या पोटावर आपला हात ठेवला.

समोरच्या गॅरेजातली ठोकाठोक चालू होती.

मग ती थांबली.

रहदारीही थांबली. म्हणजे ऐकू येईनाशी झाली... कानांत कापूस कोंबल्यासारखी.

बाळ निपचित.

आणि सासूबाईंचा हात तिच्या पोटावरून निघाला. त्यांनी तो मागे टाकला. भिंतीकडे.

धाकटीला फक्त त्यांचा आवाज ऐकू आला. दुकानातला, गल्ली गप्प करणारा आवाज.

"नाही सरकत! काय करायचं ते कर. ही नाही सरकणार!"

मागून आला एक लांबलचक हुंकार... कळ आल्यावर बाई दात आवळून देते तसा. तो थांबेचना.

सासूबाईंनी धाकटीला अक्षरशः ओढून पलंगावरून उतरवलं आणि दंडाला धरून जिना उतरवला. पायांत चपला नाहीत, दाराला कुलूप नाही.

त्या रात्री धाकटी दुकानात जमिनीवर झोपली, लोकांच्या इस्त्री केलेल्या चादरी अंथरून. गाढ झोपली. दीर घरी आल्यावर सासूबाईंनी त्याला एवढंच सांगितलं, "सामान उद्या आण. उजेडात आण, आणि दोघेजण जा." आईचा चेहरा पाहून त्याने उलटा प्रश्न केला नाही.

धाकटीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. आता तर पोर घरभर पळते. खोली केव्हाच सोडली. घरमालकाला विचारून पाहिलं, तर आधी तिथे एक म्हातारे गृहस्थ राहायचे म्हणाला, एकटेच. त्याच्या माहितीत तिथे कधी कोणी बाई राहिलेली नव्हती. पलंगही आमचाच, फर्निचरच्या दुकानातून कोरा आणलेला.

मग ती कोण?

सासूबाईंना मी खूपदा विचारलं. त्या विषय काढू द्यायच्या नाहीत. मागच्या महिन्यात मात्र आम्ही दोघीच कपड्यांच्या घड्या घालत होतो, तेव्हा त्या आपणहून बोलल्या.

"कोणी असलंच तर ढकलावं म्हणून मी हात मागे टाकला. वाटलं होतं भिंत लागेल."

"मग?"

"पोट लागलं. टच्च भरलेलं, दिवस भरलेल्या बाईचं. आणि माझ्या तळव्याला..."

हातातली घडी त्यांनी उलगडली, पुन्हा घातली.

"आतून लाथ बसली गं."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग जिला सगळे कर्फ्यू म्हणतात ती बाई इतक्या हळू बोलली, की मला जेमतेम ऐकू आलं.

"कधीपासून आडवं व्हायला जागा शोधतेय, कुणास ठाऊक. अजून मोकळी झाली नसेल."