चाळीस सेकंद

करंजीचा घाट चढतानाच हेलनच्या डब्यातला बर्फ विरघळला. तिसगावच्या बाजारात मटण विकणाऱ्या कडूबाईंनी बोकडाची मुंडी फोडून दिली, तेव्हा डब्यात नुसतं पाणी डुचमळत होतं.

"मेंदू तीन मिनिटांत गोठला नाही, तर सगळ्यावर पाणी!" नगरच्या कॉलेजात पीएच.डी. करणारी हेलन वैतागून म्हणाली.

शेजारी मोटरसायकल लावणारा तरुण वळला. गायींच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगाव फिरणारा ओंकार. गाडीच्या बाजूला द्रव नायट्रोजनचा कॅन, त्यात वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या.

"गोठवायचंच हाय ना? द्या इकडं."

मेंदूच्या तुकड्याची कुपी कॅनमध्ये गेली. त्यानंतर दर बाजाराला ओंकारचं काम नेमकं तिसगावातच निघू लागलं. योगायोगच म्हणायचा!

"बोकड तर गेला. मग घाई कशाची?" त्याने एकदा विचारलं.

"एन्झाइमना ते कुठे कळतं? मेंदूतली न्यूरोपेप्टाइडं, म्हणजे पेशींचे निरोप, आधी एका लांब साखळीत अडकलेली असतात. तेव्हा ती निकामी. एन्झाइम साखळी नेमक्या जागी कापतं, मग तुकडा कामाला लागतो. जीव गेला की मात्र दुसरी एन्झाइमं वाटेल तिथे कापत सुटतात."

"आन् नेमक्या तुकड्यानं काय हुतं?"

"भूक, वेदना... माया."

"माया पन?" तो हसला. "मग तुमच्या डोक्यात ते एन्झाइम हाय का न्हाई?"

"तपासलं नाही," ती म्हणाली, आणि कुपीवर चुकीची तारीख घातली.

तिला आठच नमुने हवे होते. मग तिसगावला यायचं कारणच संपणार होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती.

आठव्या खेपेला कुपीला जागा करायला ओंकारने कांड्यांची डबी दांड्याला धरून वर उचलली. दहा सेकंदांवर ती बाहेर ठेवायची नाही, नाहीतर वीर्य वितळून वाया जातं, हा त्याचा शिरस्ता. तेवढ्यात तो कुणाशी बोलायचाही नाही.

"म्हंजे आता तुमी येनार न्हाई..." डबी हातातच राहिली. "मला आसं... म्हंजे मी..."

हेलनची नजर घड्याळावर. बारा... वीस... तिला कळत होतं, तरी ती गप्प राहिली. हे वाक्य तिला पुरं ऐकायचं होतं.

"आरं, काय धरून बसलास हातात!" कडूबाई ओरडल्या.

चाळीस सेकंद झाले होते. ओंकारचा चेहरा पडला. "गेल्या सगळ्या कांड्या. दोन गायी माजावर हायेत, लोकं वाट बघत्यात. काय सांगू त्यास्नी?"

"माझी चूक आहे. मी मोजत होते."

"मग बोलला का न्हाई?"

थाप मारणं सोपं होतं. तिने मारली नाही.

"तुम्ही बोलत होतात म्हणून. मला तुम्ही आवडता, ओंकार."

कडूबाईंनी सुरी खाली ठेवली. ओंकारने डबी कॅनमध्ये सोडून झाकण लावलं. हेलनच्या मुठीतल्या कुपीची तीन मिनिटं एव्हाना उलटली होती; आठवा नमुनाही वाया गेला होता.

"पाथर्डीहून नव्या कांड्या आणू," ती मोटरसायकलवर मागे बसत म्हणाली. "माज उतरायच्या आत पोचतो आपण. लोकांना मी सांगते."

चौक ओलांडल्यावर त्याने विचारलं. "मग... फुडच्या बाजारला?"

"यावंच लागेल. नमुना राहिलाय."

"आन् त्याच्या फुडच्या?"

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तेव्हा यायला नमुना लागणार नाही."